सारंगाच्या हातचं पाणी

“तुझ्या हातचं पाणी मी पिणार नाही,” मी म्हटलं.

जानू सारंग पत्र्याचा पेला माझ्यापुढे धरून होडीत वाकून उभा होता. पेल्याच्या तळाशी दोन घोट पाणी होतं. आमची बोट बुडाल्याला अख्खा दिवस उलटला होता आणि तेवढ्या वेळात मिळणारं हे पहिलं पाणी. माझ्या ओठांना मिठानं चिरा पडल्या होत्या, तरी मी तोंड फिरवलं.

“धाकू, पी. नखरे नकोत.”

“हरचंदभावजींना पाजलंस का? खाली दर्याच्या तळाशी पाच जण आहेत. आधी त्यांना पाज.”

तोवर मी त्याला कायम तुम्ही म्हणत आलो होतो. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, आमच्याच गावचा, आमच्याच खारवी आळीतला. त्या दिवशी जे तोंडून ‘तू’ सुटलं ते सुटलं. त्यानं ते ऐकलं आणि पेला पुढे भिवा खलाशाकडे नेला. भिवानं मान हलवली. त्याच्या पलीकडे अंतू भंडारी होता, म्हणजे आमचा जहाजावरचा आचारी. तो तर थुंकला. थुंकायला तोंडात काही नव्हतं, नुसता आवाज केला. एकोणीस माणसं होती होडीत, पण सारंगाच्या हातून पाणी घ्यायला कुणी हात पुढे केला नाही.

मागच्या फळीवर आमचा दुसरा मालम, प्रिचर्ड साहेब, फुटलेला खांदा धरून पडला होता. कप्तानाच्या हाताखालचा गोरा अधिकारी, होडीत आता तोच मोठा. त्यानं आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, “सारंग, क्या हुआ? आदमी लोग पानी क्यों नहीं पीता?”

“पीएगा, साब.” सारंगानं पेला माझ्या मांडीवर ठेवला. “तू वाट. माझ्या हातचं नको तर नको. पण वाट.”

असं ते पाणी माझ्या ताब्यात आलं. येऊ नये त्याच्या ताब्यात आलं, हे मला आज कळतं.

सन बेचाळीसचा चैत्र होता. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं तेव्हा कायम तापलेलं असायचं. आमची बोट ‘केर्नमूर’ मोंबासाहून घायपाताच्या गासड्या भरून मुंबईला निघाली होती. मुंबई तीन दिवसांवर आली होती, तेवढ्यात कुणाच्या तरी पाणबुडीनं आमच्या पोटात टॉर्पेडो घातला. जपानी म्हणा, जर्मन म्हणा, आम्हाला ती दिसलीही नाही.

सारंग म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. बोटीवर कप्तान गोरा, मालम गोरे, पण डेकावरचे खलाशी सगळे सारंगाचे. गावातून माणसं तोच उचलणार, घरच्यांना शब्द तोच देणार. साहेबानं कितीही बोंब मारली तरी हुकूम सारंगाच्या तोंडून आल्याशिवाय आमचा हात हलत नसे. ओझं वर घ्यायचं तर ‘हबेस’, खाली सोडायचं तर ‘आर्या’. ह्या दोन हाका डेकावर एकटा सारंग देणार. दुसऱ्यानं गमतीतसुद्धा द्यायच्या नाहीत.

मोंबासाला मी दिली होती. सारंग किनाऱ्यावर गेलेला, गोरा घाई करत होता, मी ‘हबेस’ म्हटलं आणि गासडी वर घेतली. नीट आली, कुणाला खरचटलंही नाही. पण सारंगाला कळलं आणि त्यानं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढला.

“माझ्या डेकावर हाक मी देणार! तुला घाई फार, धाकू. घाईचा माणूस दोरावर काय कामाचा?”

पंचवीस माणसं बघत होती. हरचंदभावजी मला बाजूला घेऊन गेले. माझ्या सख्ख्या बहिणीचे, पारूबायचे, घरधनी. मला दर्यावर आणलं तेही त्यांनीच.

“सोड रे,” ते म्हणाले. “बाप मारतो तसं समज.”

“माझा बाप मेला. हा कोण लागून गेला?”

भावजी हसले आणि त्यांनी आपली विडी मला दिली. तेव्हापासून मी सारंगाला पाण्यात पाहत होतो. तो डेकावरून चालला की माझ्या कपाळाची शीर उडायची.

टॉर्पेडो लागला तो दुपारी, जेवणं उरकल्यावर. मागच्या बाजूनं असा दणका आला की मी उभा होतो तो आडवा झालो. इंजिनातली वाफ फुटून सुटली आणि तिच्या किंचाळीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना, गळा फाडून ओरडलं तरच एखादा शब्द कळे. उजव्या अंगाच्या होडीच्या चिंध्या झाल्या होत्या, तिच्याशी उभा असलेला कप्तानही गेला होता. राहिली डावीकडची एक. ती दोन दोरांवर टांगलेली असते. पुढच्या दोरावर मी, मागच्यावर भिवा. मालम आणि बाकीची माणसं आत चढली. सारंग आमच्या दोघांच्या मधे कठड्याशी उभा. पाळी संपवून पुढच्या खोलीत झोपलेली पाच माणसं अजून यायची होती. त्यांत भावजी होते.

‘आर्या!’ अशी हाक आली.

भिवानं दोर सोडला, मी सोडला, होडी सरसरत पाण्यावर गेली. बोट अजून पुढे चालत होती, त्यामुळे होडी तिच्या अंगाला घासत मागे जाऊ लागली. आम्ही तिघं दोरावरून घसरत कसेबसे तिच्यात पडलो. सारंग शेवटी. वर पाहतो तो ते पाच जण कठड्याशी आलेले. खाली होडी नाही. त्यांनी उड्या मारल्या. आम्ही वल्ही टाकून परत फिरतोय तोच बोट त्याच अंगावर कलंडली आणि त्यांना खाली घेऊन गेली. त्या जागी आम्ही सूर्य बुडेपर्यंत फिरलो. गासड्या तरंगत होत्या, माणूस एकही नाही.

एक मिनिट. एक मिनिट होडी थांबली असती तर पाचही आमच्यात असते. हे होडीतल्या प्रत्येकाला कळत होतं आणि म्हणून कुणी सारंगाच्या हातचं पाणी घेतलं नाही.

सारंगानं सुकाण धरलं ते धरलंच. मालमच्या खिशात होकायंत्र होतं, पण ते दणक्यात फुटलेलं; त्यात खांदा सुजून त्याला ताप भरला आणि तो भ्रमात बडबडायला लागला. लाटेचा कल आणि वाऱ्याची झुळूक बघून पूर्वेची वाट धरणं हे फक्त सारंगाला येत होतं. नाहीतर अंतूनं त्याला दुसऱ्याच दिवशी लोटला असता.

“मी म्हणतो, ह्याला ठेवायचा कशाला?” अंतू सारंगाला ऐकू जाईल असा बोलायचा. “पाच जणांचा जीव घेतला मेल्यानं. आपला जीव वाचवायला घाई!”

“सुकाण कोण धरील? तू?” भिवा म्हणायचा.

“धरीन की.”

“पेज ढवळतोस तसं धरशील आणि अरबस्तानात नेशील.”

त्यावर कुणी हसलं नाही. मग अंतू माझ्याकडे बघायचा. “तू बोल, धाकू. तुझा सख्खा भावजी गेला. तुझा हक्क आहे.”

“लोटायचं कशाला?” मी म्हटलं. “आपोआप जाईल.”

असं म्हणालो आणि त्या दिवशी सारंगाच्या पेल्यात एक घोट घातला. बाकीच्यांना दोन. त्यानं पेल्यात पाहिलं, प्यायला, पेला परत दिला. दुसऱ्या दिवशीही एकच. पाचव्या दिवसापासून मी पेला त्याच्यापर्यंत नेलाच नाही. मालमला पाजायचो, मग वळून पाण्याच्या पिंपाचं झाकण घट्ट बसवायचो. सगळे बघत होते. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

“त्याला दिलंस?” भिवानं एकदाच विचारलं.

“दिलं.”

भिवानं खाली मान घातली. नको तिथे बोलायला त्याच्यात बळ नव्हतं आणि कुणाच्यातच नव्हतं. ऊन असं की फळीला हात लावला तर चटका बसे. बिस्किटं होती, पण कोरड्या घशातून ती उतरत नसत. आणि सारंग मागे बसलेला, काळाठिक्कर पडलेला, ओठ फाटलेले, सुकाणाला हात बांधल्यासारखा. पाणी मागेना. एकदा मागितलं असतं तर मी कदाचित दिलंही असतं, पण आधी त्याला सगळ्यांसमोर हात पसरायला लावला असता. मला तेच हवं होतं. तो मागत नव्हता, ह्याचाच मला जास्त संताप येत होता.

आठव्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, सगळे होडीच्या छोट्या शिडाच्या सावलीत पुढे निपचित पडले होते. मालमला पाणी पाजून मी पिंपाशी वळलो, तेव्हा सारंगानं मला हाक मारली. आवाज इतका बारीक की जवळ जावं लागलं.

“माझे हात वळेनासे झालेत,” तो म्हणाला. “उद्यापासून सुकाण तू धर. सूर्य उगवताना डाव्या गालावर घे, मावळताना उजव्या कानामागे. लाट पाठीवर.”

“तू काय करणार?”

“तू पाणी बंद केलंस त्याला आज चौथा दिवस. मी काय करणार ते तुला माहीत आहे.”

“मग मर,” मी म्हटलं. “हरचंदभावजी गेले तसा जा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे सुजून बारीक झालेले, पण नजर माझ्यावरून हलली नाही.

“तू आर्या म्हटलंस तेव्हा हरचंद कुठे होता रे?”

मी पुढे बघितलं. कुणाची हालचाल नव्हती.

“जिन्याच्या पायथ्याशी होता,” तोच म्हणाला. “वीस पावलं. मी हात वर धरला होता, थांब म्हणून. तू माझा हात बघितलास, त्याला बघितलंस, आणि आर्या म्हटलंस.”

आता सांगून टाकतो. हाक मी दिली होती. बोट मागून खाली बसत होती, पायाखालचं लोखंड थरथरत होतं. मला मरायचं नव्हतं. भावजी जिना उतरून धावत येत होते, अंगात नुसती बंडी. त्यांनी मला बघून हात केला. “धाकू, थांब रे!” त्यांच्या ओठांवरून मला कळलं काय म्हणाले ते. आणि मी ‘आर्या’ म्हणून ओरडलो. भिवाची माझ्याकडे पाठ होती, आणि वाफेच्या किंचाळीत आवाज कुणाचा ते कळत नव्हतं. आर्या आली म्हणजे सारंगाची आली, दुसऱ्या कुणाची येतच नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. त्यानं मागे वळूनही बघितलं नाही, दोर सोडला. होडीतल्या सगळ्यांचं तसंच. एकानंही विचारलं नाही कुणी म्हटलं. मीही आठ दिवस स्वतःला विचारू दिलं नाही. सारंगाला शिव्या घातल्या की ते सोपं जायचं.

“मग तुम्ही बोलला का नाही?” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी सांगायचं. अंतूनं मला लोटला असता. तुम्ही सुटला असता.”

“सुटलो असतो?” तो हसल्यासारखा झाला, फाटलेल्या ओठातून रक्त आलं. “काय सांगू? माझ्या डेकावर कुणी पण आर्या म्हणतो आणि माझी माणसं दोर सोडतात, हे सांगू? मग मी कसला सारंग? त्यापेक्षा मीच म्हटलं. मीच मारले पाच जण.”

“म्हणजे मला वाचवायला नाही...”

“तुला?” त्याच्या तोंडावर इतकी किळस आली की मी मागे सरकलो. “तुझं थोबाड बघायची इच्छा नाही मला. तुला लोटला असता तर वल्ह्यावर एक माणूस कमी झाला असता. तेवढंच तुझं मोल. जा आता. आणि पाणी द्यायचं नसेल तर नको देऊस, पण उद्या सुकाण धर.”

मी माझ्या वाटणीचं पाणीसुद्धा त्याला पाजलं, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. तसं काही घडलं नाही. त्याच्या वाटणीचं दिलं. दोन घोट. पेला त्याच्या हातात राहीना म्हणून मी तोंडाला लावून धरला. तो प्यायला. दुसऱ्या दिवशीही दिलं, तिसऱ्या दिवशीही. सुकाण धरायला गेलो, तर त्यानं ते सोडलंच नाही. अंतूनं विचारलं, “काय रे, दया आली?” मी म्हटलं, “सुकाण तुला धरता येतं का? मग गप बस.” खरं ते मी त्यालाही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मालम गेला. अकराव्या दिवशी सकाळी मलबाराहून लाकूड घेऊन चाललेल्या एका कच्छी कोटियानं आम्हाला पाहिलं. त्या गलबताच्या लोकांनी एकेकाला बगलेत धरून वर घेतलं. सारंगाची बोटं सुकाणावरून सोडवायला दोघं लागले.

मुंबईत कचेरीत जबान्या झाल्या. टेबलामागचा कारकून मराठीच होता, चष्मा लावलेला, सभ्य माणूस.

“होडी कुणाच्या हुकमानं सोडली?”

“माझ्या,” सारंग म्हणाला.

“मालम साहेबांनी सांगितलं होतं?”

“मालम आत बसलेले होते. हाक माझी.”

“माणसं यायची राहिलीत हे माहीत होतं?”

“होतं.”

कारकुनानं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि लिहिलं. मग भिवाला विचारलं. भिवा म्हणाला, सारंगानं म्हटलं. अंतू म्हणाला, सारंगानंच म्हटलं, आणि आणखी चार शब्द जोडले. मग माझं नाव पुकारलं. सारंग शेजारच्या बाकावर बसला होता, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. तो भिंतीकडे बघत होता.

“आर्या कुणी म्हटलं?”

“सारंगानं,” मी म्हटलं, आणि अंगठा उठवला.

सारंगाला पुन्हा बोटीवर घेतलं नाही. घेतलं असतं तरी गावातला एकही माणूस त्याच्या मागे गेला नसता.

आमच्याकडे रीत अशी की ज्या सारंगानं माणूस नेला त्यानंच त्याच्या घरी जाऊन सांगायचं, दुसऱ्याच्या तोंडी निरोप चालत नाही. गावी पोचलो त्या सकाळी तो पाच घरं करायला निघाला. पहिलं घर पारूबायचं. मला बरोबर जावंच लागलं, माझी बहीण होती.

ती अंगणात म्हावरं साफ करत बसली होती. आम्ही दोघं येताना दिसलो. तिसरा दिसेना, तेव्हा तिच्या हातातलं म्हावरं विळीखाली पडलं.

“पारू,” सारंग म्हणाला, “हरचंद गेला. होडी मी सोडली. तो यायचा होता.”

“थांबला नाहीस?”

“नाही.”

“माझा माणूस धावत येत होता आणि तू थांबला नाहीस?”

“नाही.”

तिनं पुढ्यातलं म्हावऱ्याचं पाणी, खवले, रक्त, सगळं टोपासकट त्याच्या तोंडावर फेकलं. “तळपट होवो तुझं! तुझ्या घरात दिवा लावायला माणूस उरू नये!” शेजारच्या बाया धावत आल्या. तो हलला नाही. तोंड पुसलंही नाही. तिची सगळी शिवीगाळ संपेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, “अजून चार घरं आहेत, येतो,” आणि वळला. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. त्यानं एकदा जरी बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच असेल.

दुपारपर्यंत आळी रडत होती. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीनं भात आणि कुळथाचं पिठलं आणून ठेवलं. बाय स्वतः जेवायला तयार होईना. पण मला तिनं हाताला धरून पाटावर बसवलं. अकरा दिवस होडीत होता, हाडं निघालीत, आधी तू खा, म्हणाली.

ताट पुढे आलं. ती समोर बसली आणि पदरानं माझ्या तोंडावरची माशी हाकलली.

“धाकू, एक विचारते. माझ्या माणसानं तुला हाक मारली का रे?”

“नाही,” मी म्हटलं.

“दिसला तरी होता का तुला?”

“नाही, बाय. वाफ होती. काही दिसलं नाही.”

मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“बरं झालं नाही दिसला ते. दिसला असता तर तू तसाच उडी मारून त्याच्यामागे गेला असतास. मला ठाऊक आहे ना तुझा स्वभाव. मग माझं कोण उरलं असतं?”

तिनं ताटात आणखी भात वाढला. मी जेवलो.